चाकाचं गाऱ्हाणं

शर्यतीचं नाव काढू नका माझ्यापुढे! सन एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. माझा मुंबईचा मेहुणा विलास जुनी फियाट घेऊन बारा तासांच्या हौशी शर्यतीत उतरणार होता. चाकं बदलायला हक्काची, बिनपगारी माणसं आम्ही दोघं: मी आणि आमचे गॅरेजवाले दाजीकाका.

धामापूरच्या तळ्याकडे जाणाऱ्या उतारावर तालीम ठेवली. चाक चढवलं, नट नुसते बोटांनी फिरवले, जॅक उतरवला. पाना लावणार, तोच काकांना आठवलं, देवाला गाऱ्हाणं घालायचं, यशाचं मागणं मागायचं राहिलं! गाऱ्हाण्यात हातात हत्यार कोण धरणार? पाना खाली ठेवला, हात जोडले, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा, आमचां चाक सगळ्यांच्या फुडे पळांदे रे म्हाराजा!”

तेवढ्यात विलास गाडीतून ओरडला, “नट आवळले ना?”

आणि मी खणखणीत आवाजात गाऱ्हाण्याला साथ दिली, “व्हय म्हाराजा!”

विलास सुटला. पहिल्याच वळणावर पुढचं चाक निखळलं आणि गाडीला मागे टाकून एकटंच तळ्याच्या दिशेने धावत गेलं.

काकांनी डोळे उघडले. चाक दिसेनासं होईपर्यंत बघितलं.

“देवाचो दोष नाय रे,” म्हणाले, “गाडयेचां नाव घेवक मीच इसारलंय.”