कल्हई आहे हो त्याला!

असं वाकून वाकून पातेल्यात काय बघताय? चैत्रातलं हळदीकुंकू आहे, पन्हं प्या निश्चिंत. पातेलं पितळी असलं तरी कल्हई आहे हो त्याला! अख्ख्या धारवाडात कुणाकडं नसेल इतकी कल्हई आमच्या घरात आहे… आमच्या ह्यांची कृपा! तुम्हाला सांगते, दिवाळीपासून एक दिवस ताटावर नीट जेवले असतील तर शपथ. पहिला घास घेतला की तोंड वाकडं. 'आमटी कळकलीय. जिभेला पितळ लागतंय.' वकिली कोर्टात कमी, ताटावर जास्त! मी म्हणते, अहो, परवाच कल्हई केली की. तर म्हणे, 'मग कथीलच खोटं असेल.'

मग काय, बोलवा कल्हईवाल्याला. तो दारात भट्टी लावणार, भाता ओढणार, नवसागर टाकला की असा धूर, की डोळ्यांतनं पाणी… वर म्हणणार, 'एन्री अक्का, मत्त कलाई? परत कल्हई? भांडी झिजून चाळण होतील की ओ!' त्याला तरी काय सांगू? पातेली झाली, वाट्या झाल्या, पळी झाली, देवाची घंटा तेवढी राहिली, तरी ह्यांचं आपलं 'कळकलंय'! दात घासताना हिरड्यांतनं रक्त आलं तर राखुंडीत खडे. चपला घट्ट झाल्या तर करणाऱ्यानं माप चुकवलं. दोष सगळा जगाचा, आणि जगात सगळ्यांत आधी माझा. लोक म्हणत असतील, गोदूबाईला साधी भांडी राखता येत नाहीत. आणि तो नवसागराचा वास! कल्हईवाला जाऊन पंधरवडा झाला तरी घरातनं हलेना. मला वाटायचं, काय दमदार कल्हई झालीय, कल्हई आहे हो ही!

संक्रांत झाल्यावर हुबळीला केशवापुरात माझ्या धाकट्या बहिणीकडं, कुसुमकडं गेलो. तिनं अंगणातलं शहाळं उतरवून घेतलं, तोंड छाटलं आणि तसंच ह्यांच्या हातात दिलं. भांडं नाही, पेला नाही. ह्यांनी एक घोट घेतला आणि… तोंड वाकडं. 'कळकलंय.' शहाळं! मी कुसुमकडं बघते, कुसुम माझ्याकडं. 'गोदूअक्का, शहाळ्याला कल्हई कुठनं करायची गं?' ती हसली, मीही हसत हसत शहाळं घ्यायला पुढं झाले, तर भप्पकन नवसागराचा वास! कुसुमच्या दारात भट्टी कुठली? वास ह्यांच्या तोंडाला येत होता. बायांनो, इतके दिवस मी त्या वासाला कल्हई समजून खूश होत होते!

तिथनंच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी जीभ बघितली, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच. मग लघवी नळीत घालून दिव्यावर तापवली, तर दूध नासल्यागत झालं. 'बाई, भांड्यांचा दोष नाही. भीमरावांची मूत्रपिंडं बिघडलीत. लघवीवाटे जायची ती घाण रक्तात साचतेय, तीच तोंडाला चव आणि वास होऊन येते.' ऐकलंत? दुखणं कंबरेत आणि बोंब तोंडात! मी वेडी विचारते काय, 'डॉक्टर, मग आतनं कल्हई करता येते का हो?'

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, 'मीठ बंद करा. सध्या तेवढंच आपल्या हातात आहे.'

तेव्हापासनं ह्यांचं सगळं अळणी. काल आमटी वाढली, कणभर मीठ नाही, आणि मी तयारीत उभी, आता म्हणतील कळकलंय. तर मान खाली घालून वाटी संपवली आणि म्हणतात, 'छान झालीय गं.' लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा नावाजलं, तेही कुठल्या आमटीला बघा! मला म्हणावंसं वाटलं, अहो, नावं ठेवा की, भांडा की माझ्याशी… कल्हईवाला सकाळी दारावरनं ओरडत गेला, मला त्याला हाक मारवली नाही.

जाऊ दे. घ्या, कैरीची डाळ घ्या. तुमच्या डाळीत मीठ आहे हो.