भिंतीवरची भुकटी

(एकोडी. तलावाच्या पाळीवर सुखराम जाळं सांधत बसला आहे. मुलगी रीना सकाळच्या एसटीनं आली आहे.)

सुखराम : मंग तू ते भिंतीवरचं खरवडून डब्यात टाकलं का नाही?

रीना : टाकलं, बाबा. सायबासमोरच टाकलं.

सुखराम : पयल्यापासून सांग. कारखान्यात औषधाची भुकटी करता, एवढंच मले मालूम हाय.

रीना : हे औषध पाण्यात विरघळतच नाही. गोळी खाल्ली तरी आंगाले लागत नाही. म्हणून त्याले दुसऱ्या द्रवात विरघळवतो अन् गरम हवेत फवारतो. थेंब खाली येईपर्यंत सुकते, बारीक भुकटी होते. ते मग पोटात विरघळते.

सुखराम : बरं.

रीना : पण हे लय चिकट आहे. हवा कमी तापवली का ओलं राहते, जास्त तापवली का नरम होऊन मशीनच्या भिंतीले चिपकते. पाच वेळा केलं. पाचही वेळा फेल.

सुखराम : मासोळी बी आतून ओली राहिली का सडतेच.

रीना : तसंच. सहाव्या वेळेस बरं निघालं, पण वजन कमी भरलं. बाकी सारं भिंतीवर, तापून पिवळं पडलेलं, खराब. सायेब म्हणे, खरवड अन् मिसळव, कोणाले समजत नाही. मी इतकी थकली होती का खरवडलं अन् मिसळवलं.

सुखराम : औषध कोणासाठी होतं?

रीना : कॅन्सरच्या लोकांसाठी. चाळीस जणांले पहिल्यांदा देऊन पाहणार होते. जेवायले बसली, ताट तसंच ठेवलं. उठली, तपासणीच्या मॅडमकडे गेली अन् सांगतलं. भुकटीचा डबा सील झाला.

सुखराम : अन् सायेब?

रीना : त्याची चौकशी चालू आहे. माझी बी. अन् आपल्या गावच्या चंद्रकुमारची. मी खरवडत होती तवा डबा त्यानं धरला होता ना.

सुखराम : त्यानंच तर तुले तिथं कामाले लावून देलं.

रीना : हो. या महिन्यात परमनंट होणार होता तो. आता थांबलं. मी त्याले न विचारताच गेली, बाबा.

सुखराम : विचारलं असतं तर?

रीना : नको म्हणला असता. मले मालूम होतं. म्हणूनच विचारलं नाही.

सुखराम : बोलते का तो तुह्याशी?

रीना : आठ दिवस झाले. नाही.

सुखराम : उद्या जाशीन ना?

रीना : जावंच लागन. चौकशीसाठी मशीन बंद होती, आता आतून धुवायची आहे. वाळलेलं निघतच नाही, दोन दिवस घासावं लागते.

सुखराम : एकटीनं?

रीना : दोघं लागतात. काल मॅडमनं विचारलं, रीनासंग कोण येते. त्यानं हात वर केला. माझ्याकडे पाहिलं नाही, पण हात वर केला.