मागे गेलेली दोरी

मंडळी, ऐका — दूधगंगेच्या काठी नवरा-बायको गप्प आहेत. भांडलेले नाहीत, हे आधीच सांगतो. भांडणानंतरची शांतता निदान तापलेली असते. ही गार होती. मग माझा प्रश्न असा, की ऐकणं कशाला म्हणावं? कान उघडे असण्याला, की तोंड मिटलेलं असण्याला?

हुपरीकरसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांना फ्लाय फिशिंगचं वेड लागलं. (कीर्तनात मासेमारी कुठून आली, असं पुटपुटणाऱ्या आजोबांनी धीर धरावा — शेवटपर्यंत एकही मासा मरत नाही!) लवचीक काठी, लांब दोरी, टोकाला पिसांची खोटी माशी. काठी मागे न्यायची, पुढे आणायची, माशी पाण्यावर अलगद उतरवायची. गुरू कोण? मोबाइल! साहेबांनी चाळीस व्हिडिओ पाहिले — दुप्पट वेगाने. गुरूलाही पळवलं! त्यात कॅमेरा गुरूच्या समोर. पाठीमागे दोरीचं काय होतं, ते दिसायचंच नाही.

परिणाम? दोरी चाबकासारखी कडाडायची आणि माशी तुटून करंजाच्या झाडात!

मागच्या खडकावर सरोजिनीबाई बसत. आठ दिवस त्या काही सांगायला येत होत्या. "अहो, मला जरा" म्हटलं, की पुढचं वाक्य साहेब पुरं करत: चहा नको, गोळी घेतली, मुलीला फोन करतो. बाईंच्या मनातलं सोडून सगळं! शेवटी त्याही बोलेनाशा झाल्या.

त्या दिवशी नववी माशी झाडात गेली. साहेबांनी पाण्याकडेच पाहत विचारलं, चुकतंय कुठे?

मागून बाई म्हणाल्या, "दोरी मागे पुरती जाऊ कुठे देता? ती अर्ध्यात असते, तेवढ्यात ओढता."

साहेबांनी काठी मागे नेली. एक श्वास थांबले. मंडळी, देव विटेवर कशासाठी थांबला? पुंडलिकाचं काम पुरं होऊ दे म्हणून! दोरी मागे उलगडली, ताठ झाली, मग पुढे आली. आणि झोपल्या लेकरावर पांघरूण पडावं, तशी माशी पाण्यावर टेकली.

साहेब हरखून वळले. बाई म्हणाल्या, "अहो, मला जरा..."

साहेबांचं तोंड उघडलं. आणि संसाराच्या चौतीस वर्षांत प्रथमच तसंच मिटलं.

"मी बेळगावला ताईकडे राहायला जातेय. तिथल्या मुलींना गाणं शिकवायचं ठरलंय. सोमवारी निघेन."

मंडळी, तुमच्याही पाठीमागे कुणाचं तरी वाक्य हवेत अडकलेलं आहे. आत्ता माना वळवू नका, साऱ्या सभेला कळेल! घरी जा, आणि ते पुरं होऊ द्या. मात्र थांबणाऱ्याला गोडच ऐकायला मिळेल, असा शब्द मी देत नाही. देवानेही दिलेला नाही.

साहेबांनी फार हळू विचारलं, "मी आलो तर चालेल?"

सरोजिनीबाई उठल्या. पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूतून घराच्या वाटेने चालू लागल्या. साहेबांनी उत्तरासाठी घाई केली नाही; ही दोरी अजून मागे उलगडत होती.