चौथ्या लेनमधली मुलगी

तुला सांगतो, आमच्या ईशाच्या अमेरिकन कॉलेजच्या ॲडमिशनची वाट मीच लावली होती. तिथले कोच रेसचा व्हिडिओ बघून पोहणारी मुलं निवडतात. म्हणून आमच्या इथल्या नॉटिंगहॅमच्या स्पर्धेत मी 'हाण, ईशा, हाण!' ओरडत शूटिंग केलं आणि न बघताच पाठवून दिलं.

व्हिडिओ कॉलवर कोच तिला म्हणाला, "पाचव्या लेनमध्ये छान पोहलीस. पण चौथ्या लेनमधल्या मुलीनं तुला सहज हरवलं. मला तीच हवीय. ओळखतेस तिला?"

ईशा म्हणाली, "ती मीच. बाबांनी भलत्याच मुलीला शूट केलंय."

अरे, टोपी-गॉगलमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात!

आठवड्याभरात फुल स्कॉलरशिप! ऑगस्टमध्ये निघतेय. बायकोनं आत्तापासूनच बजावलंय, "एअरपोर्टवर सोडताना नीट बघ, आपलीच आहे ना!"