खिडकीजवळचा बोर्ड

(चिप बनवणाऱ्या कंपनीची प्रयोगशाळा. बाकीचे जेवायला गेलेत. नवरा-बायको, दोघंही इथलेच इंजिनिअर.)

ती: हे कारण नको. हेच गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, म्हाताऱ्यानं परत पाठवलं.

तो: मग जरा गोड भाषेत लिही. तुला जमतं ते. त्याला काय, कुणीही फुकट वापरावा अशा जगभराच्या खुल्या कोडची राखण करत बसलाय. कुणी आलं की आधी अडवायचं.

ती: भाषेचा प्रश्नच नाहीये. तो एकच विचारतोय. मेमरी कधी जोरात पळवायची आणि कधी हळू, हे चिपला सांगायची एक पद्धत सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलीय. मग तुमच्याच चिपला वेगळी बोली कशाला? पटवून द्या, नाहीतर तुमचा कोड आमच्यात येणार नाही.

तो: अगं, कितीदा सांगू? सगळ्यांच्या पद्धतीत वरची सिस्टीम विचार करणार, मग खाली निरोप धाडणार. तोवर कामाचा लोंढा येऊन गेलेला असतो आणि फोन अडखळतो. माझं फर्मवेअर चिपच्या आतच बसून बघतं आणि तिथल्या तिथे वेग बदलतं. वरच्यांनी फक्त मर्यादा सांगायच्या. एवढं सरळ आहे.

ती: ऐकायला झकास आहे. मलाही पटलं होतं.

तो: होतं?

ती: आज सकाळी लवकर येऊन मी दोन्ही पद्धती चालवून बघितल्या. माझ्या टेबलावरच्या चाचणीच्या बोर्डवर.

तो: बरं. मग?

ती: फरक नाही. म्हणजे आहे, पण चष्मा लावून शोधावा लागतो.

तो: तुझा बोर्ड जुना झालाय.

ती: कपाटातून नवा काढला. त्यावरही तेच. मग म्हटलं, आपल्या नवऱ्यानं चाचणीच्या आकड्यांचा जो तक्ता दिला, त्यात सगळ्यांची पद्धत एवढी रखडत का होती? म्हणून खिडकीजवळचा बोर्ड बघितला. तुझा.

तो: मला न विचारता?

ती: हो, तुला न विचारता. मेमरी सगळ्यात खालच्या वेगावर अडकवून ठेवलीय त्यात.

तो: ते तापमानाच्या चाचणीसाठी. उन्हात किती तापतो ते बघायचं होतं. ती अडकण काढायची राहून गेली.

ती: आणि सगळ्यांच्या पद्धतीनं हुकूम आला की ती अडकण मध्ये येते. तुझं फर्मवेअर तिला विचारतच नाही, वरून उडी मारून जातं. अरे, एकाचे पाय बांधून शर्यत लावलीस तू!

तो: मुद्दाम नाही गं. तुझी शपथ.

ती: माझी शपथ नको. मुद्दाम केलंस असं मी म्हणतच नाहीये. विसरतो माणूस. तू तर पोरीला शाळेत विसरून घरी आला होतास. मला सांग, कळलं कधी तुला?

तो: काय कधी?

ती: आढेवेढे घेऊ नकोस. 'कसली अडकण' असं विचारलंसुद्धा नाहीस. सरळ कारण सांगून मोकळा झालास. कधी कळलं?

तो: झाले काही दिवस.

ती: मी म्हाताऱ्याशी भांडले, त्याच्या आधी की नंतर?

तो: हळू बोल. कुणीतरी येईल.

ती: आधी की नंतर?

तो: आधी.

ती: म्हणजे मी जेवणाच्या टेबलावर बसून त्याला उत्तर लिहीत होते, 'आधी आकडे बघा, मग बोला', ते तुला वाचून दाखवत होते, तेव्हा तुला माहीत होतं. आणि तू म्हणालास, अजून जरा तिखट कर.

तो: काय करणार होतो मी? साहेबांनी तो तक्ता पार वरपर्यंत दाखवला होता. आमची टीम मोडायला निघाले होते, ती त्या तक्त्यावर वाचली. त्यातल्या एकीला दिवस गेलेत. आता मी उठून सांगू, की माफ करा, चाचणीच चुकली?

ती: हो.

तो: तुला बोलायला काय जातं?

ती: माझं नाव जातं! लिहिणारी म्हणून खाली माझं नाव आहे, सगळ्या जगाला दिसेल असं. मी कुठल्या कंपनीची म्हणून नाही, माझं नाव बघून माझा कोड घेतात ती माणसं. किती वर्षं घासलीत मी त्यासाठी. तू त्याचं पोतेरं केलंस. इतका संताप आलाय ना मला, तुझ्याकडे बघवत नाहीये.

तो: चिडू नकोस. मार्ग काढू. दुसरं एखादं कारण देऊ.

ती: मग एकदा खरं सांग. का केलीत वेगळी पद्धत? मला सांग, साहेबांना सांगतोस तसं नको.

तो: खरं? आम्ही सुरुवात केली तेव्हा ती सगळ्यांची पद्धत नव्हतीच. ती आली तेव्हा आमचं निम्मं झालं होतं. टाकून द्यायचं जिवावर आलं. मग चिप विकल्या गेल्या. आता लोकांच्या खिशात आहे ते, बदलायचं म्हटलं तरी बदलता येत नाही.

ती: बस. एवढंच लिहायचं होतं.

तो: हे? हे काय कारण आहे?

ती: अरे, हेच तर कारण आहे! विकलेल्या चिपमधलं बदलता येत नाही, पुढच्या चिपला तुमची पद्धत घेतो. त्यानं चार शब्द सुनावले असते आणि कोड घेतला असता. मागे दुसऱ्या एका कंपनीचा घेतलाच की. तक्ता लागतच नव्हता रे. तुझं गप्प बसणं कुणाच्याच कामाचं नव्हतं, हे जास्त लागलंय मला.

तो: मग आता लिही तसं. अजून काही वेळ गेली नाही.

ती: गेली. सकाळीच कळवलं त्याला. आकडे चुकीचे आहेत, सगळं मागे घेते.

तो: सगळ्यांसमोर?

ती: भांडले सगळ्यांसमोर, मग माफी काय कानात मागू?

तो: आणि त्यात माझं नाव घातलंस का?

ती: नाही. चाचणी मी स्वतः पडताळून बघितली नाही, चूक माझी, असं लिहिलंय.

तो: हुश्श. बरं केलंस. खरंच बरं केलंस. साहेबांचं मी बघतो.

ती: म्हातारा काय म्हणाला, ते नाही विचारलंस.

तो: हां, काय म्हणाला?

ती: आभार मानले. म्हणाला, खाली तुमचं नाव असलं की मी आजवर पुन्हा तपासत नव्हतो. यापुढे तपासत जाईन.

तो: एवढंच ना? मग कशाला मनाला लावून घेतेस?

ती: नाही लावून घेत. बरोबरच आहे त्याचं. घरी मीही आता तेच करत जाईन.