हळदीच्या गाण्यातले एक नाव

लातूरच्या दवाखान्यात, घशाच्या डॉक्टरांच्या दाराशी, लग्नघरी गाण्यात आयुष्य वेचलेल्या रहमतबी आपल्या क्रमांकाची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारच्या वृद्धेने त्यांना ओळखले.

“निलंग्याला माझ्या हळदीत तुम्हीच गायलात न्हवं? मी लक्ष्मम्मा.”

“वळखलं. त्या दिवसाबद्दल माफ करा, बाई. घरच्या समद्यांची नावं गाण्यात गुंफायची आमची रीत. तुमची माय नागम्मा वारलेली, हे मला कुणी सांगितलंच न्हाई. म्या तिचंबी नाव घेतलं.”

“मांडव गप झाला हुता.”

“त्या शरमेपायी पुन्हा निलंग्यात गायले न्हाई मी.”

“अवो, शुभकार्यात मायचं नाव काढायची माझी हिंमत न्हवती. तुम्ही तिला मांडवात आणलं. एवढं सांगायला तुम्हाला लई हुडकलं.”

“डॉक्टरानं बोलू नका म्हणलंय.”

“मग नुसतं ऐका. नातीच्या हळदीला या.”

“आवाज राहतो का जातो, आज कळंल.”

“राहील तेवढ्यात गा.”

“अन् नावं?”

“नागम्मापासून सुरू करा.”

आतून हाक आली. रहमतबी उठल्या, तेव्हा ते नाव त्यांच्या ओठांवर हलक्या सुरात आले होते.