भाव वर, बाबा घरी

हॅलो?… हं, ताई, बोल… नाही, झोपले नव्हते. ठमीला झोपवत होते. हळू बोलते हं, आत्ताच डोळा लागलाय तिचा.

हो, टोचून आणलं. मांडी लाल झालीये नुसती… अगं, सुई टोचली तेव्हा हूं की चूं नाही. डॉक्टरीणबाई ‘शहाणी गं माझी’ म्हणाल्या आणि मग पसरलं भोकाड. मावशीवर गेलीये… हो, हो… नाही, ताप नाहीये.

ठमीच्या बाबाचे पैसे आले?… बरं. आणि भाव?… पुन्हा पडला? अगं बाई. कितीवर आला?… सांग ना, कितीवर?

एकाहत्तर. म्हणजे पलीकडच्या बेटाच्या शंभराला आपले एकाहत्तर. मागच्या खेपेला चौऱ्याहत्तर म्हणाली होतीस… नाही गं, रडत नाहीये. कित्येक महिने ऐकतेच आहे की, भाव पडला, भाव पडला. तू तर पैसे बदलायच्या खिडकीतच बसतेस, तुला नाही कळणार तर कुणाला? तू म्हणशील ती पूर्व दिशा.

थांब… ठेवू नकोस. आज दुपारी जेवायला कुठं गेली होतीस?… सहज विचारतेय… कारण मी आले होते. हो, तुझ्याच ऑफिसात. दवाखान्यातून येताना वाकडी वाट केली. म्हटलं, मावशीला दाखवू भाची किती शूर आहे ते. तुझी खुर्ची रिकामी. मग बसले बाकावर, ठमीला पाणी पाजलं. समोर भावांचा फळा… तुझ्या डोक्यावरचाच, दुसरा कुठला?

नाही, तू आधी ऐक. ऐक ना ताई.

बाकीचे सगळे भाव खडूनं लिहिलेत. पुसून पुसून फळा पांढरा पडलाय. आणि आपला, पलीकडच्या बेटाचा, तेवढा रंगानं. पिवळ्या ऑइलपेंटनं. ऐंशी. पोपडे निघालेत त्याचे.

मला वाटलं, कुणाचं तरी चुकलंय. शिपायाला म्हटलं, काका, हा बदलायचा राहिला का हो? तर हसायलाच लागला. म्हणे, ‘बाई, मी नोकरीला लागलो तेव्हापासून हाच आहे. दोन्ही बेटांचे पैसे एकाच खुंटीला बांधलेत. यांच्या आपसात कसला आलाय चढउतार!’

त्याला काही बोलू नकोस हं, त्या बिचाऱ्याची काय चूक… अगं, तरी मी म्हटलं फळाच जुना असेल. फळा खोटं बोलेल, माझी ताई नाही बोलणार! घरी येऊन फोनवर मागचे सगळे भाव काढले. तो आलेख येतो बघ, डोंगर-दऱ्यांसारखा… सरळ रेघ, ताई. पट्टी ठेवून ओढल्यासारखी. मला वाटलं फोन अडकला. बंद केला, पुन्हा लावला. तीच रेघ. मागे मागे गेले, तू नि मी एका मापाचे फ्रॉक घालून शाळेत जायचो तिथपर्यंत. तेव्हाही ऐंशीच.

आता सांग. एकाहत्तर कुठून आणलास?



रडू नकोस. आधी सांग. वरचे पैसे तू ठेवून घेत होतीस?… मग?… येतच नाहीत म्हणजे काय?… कधीपासून?… ठमीला पहिला दात आला तेव्हापासून? अगं, मग दर महिन्याला तू आणून देतेस त्या पाकिटात…? तुझ्या पगारातले?

तो बरा आहे ना पण? जिवंत आहे ना?… मग काय?… बोल की!

घर केलंय.

…कुणाबरोबर?… ती शिवणवाली? त्याच्या खोलीखाली राहणारी? अगं, तिनं याच्या शर्टांची बटणं लावून दिली म्हणून मी तिला ठमीचा फोटो पाठवला होता! फोटोमागे लिहिलं होतं, ‘तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही’… हसू नको तर काय करू?

तुला सांगितलं त्यानं. आणि तू… काय? माझं दूध आटलं असतं?… अगं, मनाला लागलं की दूध आटतं, हे डॉक्टरीणबाई पहिल्या दोन-तीन महिन्यांचं बोलत होत्या! दूध सुटलं केव्हाच. पळते आता ती घरभर.

आणि हे चौऱ्याहत्तर, एकाहत्तर, घरी बसून ठरवायचीस का गं?… थांब. या महिन्यात तुझं घरभाडं वाढलं. म्हणून पडला होय भाव?

कळतं मला… हो, पोटाला चिमटा काढून दिलेस, सगळं कळतं. उद्या आणखी कळेल. आज नाही कळून घ्यायचं मला. त्यानं फसवलं ते एकदा. तू दर महिन्याला फसवलंस, तेही आकड्यासकट.

आणि ऐक. तो गेला तेव्हा धक्क्यावर तू माझ्या शेजारी उभी होतीस. माझ्या पोटात ही. तो काय म्हणाला?… आठवतं की तुला. ‘भाव जरा वर आला की येतो.’ मी मान डोलावली, वेड्यासारखी. पण तुला तर माहीत होतं ना? दिवसभर त्याच फळ्याखाली बसतेस तू. हा भाव वर येत नसतो हे तुला तेव्हाच, तिथंच माहीत होतं. का नाही बोललीस?… वाटलं, त्यालाच माहीत नसेल? वर्षं झाली त्याला तिकडे जाऊन-येऊन, ताई!

रोज सकाळी मी हिला उचलून वर झुलवते, ‘भाव वर, बाबा घरी! भाव वर, बाबा घरी!’ तुझ्यासमोर कितीदा. तू टाळ्या वाजवायचीस.

…श्श. उठली बघ. उठलीस का गं पिल्लू?… तुझा आवाज ऐकला वाटतं तिनं… नको, तिच्याशी नको बोलूस आत्ता. नाही, येऊही नकोस आज… पाकीट राहू दे तुझ्याकडे. राहू दे म्हटलं ना.

तुझा फोन झाला की खेळतो ना आम्ही, म्हणून फोन दिसला की तिला तोच खेळ आठवतो. पाळण्यात उभी राहिलीये, हात वर करून… नाही, अजून काही म्हटलं नाही मी तिला. काय म्हणू, ते तूच सांग.

…ठेवते, ताई. तिला उचलायला दोन्ही हात लागतात.